मायच्या वाट्याचा भात

चिखला
ता. ६ डिसेंबर १९८१

वच्छलाबाई,

माहं अक्षर पाहून तुम्ही पाकीट बाजूले ठेवसाल, हे मले ठाऊक आहे. ठेवाचं तर ठेवा, पण आधी एवढं वाचा. माय खुशाल आहे. तिनंच मले लिहाले बसवलं. "वच्छलाले कळव, नाहीतर ती पोरगी तिथं जीव जाळत राहील," म्हणे.

पवनीच्या स्टँडवर मी चार लोकांत बोलली होती, की पोरगा असताना पोरीच्या घरचं खाणं मायले शोभत नाही. तेव्हापासून तुम्ही आमच्याशी बोलल्या नाही. तुमच्या हातातलं मायचं गाठोडं मी ओढून घेतलं, तेही मले आठवते. तो विषय आज काढत नाही.

मायची बांधी, म्हणजे धानाचं वावर, ठोक्यानं वाहते त्या धनीरामनं धान पाठवलं. यंदा भरून पिकलं. कांडून आणलं तेव्हा कणीही मागून घेतली, मिलवाला हसला. हसू दे. कणीचा भात माह्या लहान मंदाले काय वाईट?

तुमच्या भावाच्या नोकरीची मले धास्ती वाटते. नोकरी आहे तोवर क्वार्टर. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या उषाबाईच्या नवऱ्याचं खाणीतलं काम सुटलं, छातीनं साथ दिली नाही. तिची भांडी ट्रकवर चढवाले मीच हात लावला. जाताना ती मले म्हणाली, "चंद्रकले, चूल इथंच राहिली वो." मातीची चूल कुठं नेणार? त्या दिवसापासून मी ठरवलं, आपली चूल आपल्या जागेवर पाहिजे. गोबरवाहीले जागेचा एक तुकडा पाहून ठेवला आहे.

म्हणून घरात काहीच वाया जाऊ देत नाही. भाताची पेज फेकत नाही, सकाळी मीठ टाकून पितो. चहा फक्त तुमच्या भावाले. कोळशाची भुकटी मातीत कालवून गोळे करते, ते हळूहळू जळतात. आंघोळीचं पाणी अंगणात उन्हात ठेवते. साबणाचे उरलेले तुकडे तुमच्या भावाच्या फाटक्या मोज्यात भरून शिवून टाकले, त्यावर महिना निघते. तूर डाळ फक्त खाणीत उतरणाऱ्या माणसाले, मले आणि मायले स्वस्तातली लाखोरीची. कॉलनीतल्या बाया विचाराले येतात, "तुले कसं पुरते वो?" मी मायकडं बोट दाखवते. अर्ध्या गोष्टी तिनंच शिकवल्या. तीही खुश होते. "इचा हात लय धरून आहे," म्हणते सगळ्यायले.

तिचं जेवण आता पहिल्यासारखं नाही. वयच झालं. अर्ध्या ताटावरून उठते, भूक नाही म्हणते. बाकी बरी आहे.

चंद्रकला

चिखला
ता. २१ फेब्रुवारी १९८२

वच्छलाबाई,

तुमचं कार्ड आलं. दीड वर्षानं आलं आणि त्यात दोनच ओळी. "इश्वरनं मायले गोबरवाहीच्या बाजारात पाहिलं, आधी ओळखू आली नाही म्हणते. खरं काय ते लिहा."

इश्वरभाऊ तुमचे आतेभाऊ, त्यायले मी काय बोलू? पण बाजाराच्या गर्दीत एक घडी पाहिलं आणि तिकडं जाऊन सांगितलं. थंडीत म्हातारं माणूस वाळतेच. घरात रोज दोन्ही वेळा चूल पेटते. भात असते, डाळ असते, भाजी असते. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली वांगी आहेत. मायले कोणी उपाशी ठेवत नाही.

दूध बंद केलं, हे खरं आहे. तुमाले कोणी सांगितलं असेल तर म्हणून लिहून राहिली. पण ते मायनंच बंद कराले लावलं. एक दिवस म्हणाली, "मले दूध सोसत नाही आता, मंदाले दे." मंदाले शाळेत सुकडी भेटते, तिले दुधाची गरज नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी गवळणीले येऊ नको म्हणून सांगितलं.

आणि कोळशाचंही सांगून टाकते, नाहीतर तेही कोणाच्या तोंडून ऐकसाल. नाक्यावर भैय्यालालचं चहाचं हॉटेल आहे. त्याच्या मागं भट्टीची राख टाकतात. राखेत अर्धे जळलेले कोळसे निघतात. माय सकाळी टोपली घेऊन जाते आणि वेचून आणते. मी पाठवत नाही. तिले घरात बसवत नाही, जन्मभर बांधीत राबलेली बाई. परत आली की टोपली माह्यापुढं ठेवते आणि माह्या तोंडाकडं पाहते, शाळेत पहिला नंबर आणल्यासारखी. मी म्हणते, "वा, लय आणले." दुसरं काय म्हणू?

तुमच्या घरी ती सुखात राहिली असती, असं तुमाले वाटते. मलेही कधी कधी वाटते. पण आता ती इथं रमली आहे. जागेचं ती माह्याहून जास्त बोलते. तुळस कुठं लावाची हेही तिनं ठरवून ठेवलं.

चंद्रकला

चिखला
ता. ११ एप्रिल १९८२

वच्छलाबाई,

मायचा पाय मुरगळला. हळद-चुना लावला आहे. काळजीचं काही नाही. ऊन लय आहे, तुम्ही येऊ नका.

चंद्रकला

भंडारा
ता. १६ एप्रिल १९८२

वच्छलाबाई,

कार्डावर मी खोटं लिहिलं. पाय मुरगळला नव्हता. मांडीचं हाड मोडलं आहे. आम्ही भंडाऱ्याच्या दवाखान्यात आहो. हे पत्र मी व्हरांड्यात बसून लिहून राहिली. भेटलं की तशाच निघा.

झालं ते सांगते. राखेच्या ढिगावर वाकली असताना मायच्या डोळ्यापुढं अंधारी आली आणि ती खाली आली. भैय्यालालनं आणि एका गिऱ्हाइकानं तिले हॉटेलातल्या बाकड्यावर घालून घरी आणलं. टोपलीही आणली. माय विव्हळत होती आणि मले म्हणत होती, "कोळसे सांडले नाही, पाहून घे."

मी हळद-चुना लावला. भैय्यालाल म्हणाला, "भाभी, ये मामूली नहीं है, तुमसरले न्या." मी म्हटलं, सकाळी पाहू. सकाळी म्हटलं, सूज उतरून राहिली. सूज उतरत नव्हती. जीप करावी लागली असती आणि जागेवाल्याले बयाणा द्यायचा दिवस जवळ आला होता, म्हणून मले सूज उतरल्यासारखी दिसत होती. तुमचे भाऊ डबल पाळीवर होते, त्यायलेही मी मुरगळला म्हणूनच सांगितलं. तुमाले कार्ड लिहिलं ते त्याच दिवशी.

दुसऱ्या दिवशी यायनं मायले परसाकडं न्यायले उचललं. उचललं आणि तसेच उभे राहिले.

"चंद्रकले, हिचं वजन कुठं गेलं?"

मी म्हटलं, "वय झालं."

त्यायनं माह्याकडं पाहिलं. मग मायले तसंच हातावर घेऊन बाहेर गेले आणि कोणाची तरी जीप थांबवली. त्यानंतर ते माह्याशी कामापुरतंच बोलतात.

इथं डॉक्टरनं पाय पाहिला, मग मायच्या डोळ्याखालची कातडी ओढून पाहिली, नखं पाहिली. "ही बाई काय खाते?" मले विचारलं. मी सांगाले लागली, भात, डाळ, भाजी. ते म्हणाले, "घरात काय शिजते ते नाही विचारलं मी. ही काय खाते?"

अंगात रक्तच नाही म्हणतात. आधी रक्त भरलं तर पायाचं पाहता येईल, नाहीतर पुढचं काही सांगता येत नाही.

वच्छलाबाई, एवढं कळवून मी पत्र बंद करणार होती. पण काल दुपारी एक गोष्ट झाली, ती कोणाले तरी सांगितल्याशिवाय मले राहवत नाही, आणि तुमाले नाही तर कोणाले सांगू?

मंदा संगंच आहे. व्हरांड्यात चूल मांडून मी भात केला, तिले वाढला. चार घास खाल्ले आणि हात धुवाले उठली.

"काहून वो? जेव ना."

"मले भूक नाही. बाबाले ठेव."

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मी तिचा दंड धरून खाली बसवली. "खोटं कायले बोलतेस?" म्हटलं. ती रडकुंडीले आली.

"आजीनं सांगितलं, भूक नाही म्हटलं की माय खुश होते."

वच्छलाबाई, मायले दिसत होतं. तिच्या ताटात भात उरला की मी तो झाकून ठेवत होती आणि रात्री तांदूळ तेवढे कमी टाकत होती. माह्या मनात हिशोब लागत होता आणि माहा चेहरा उजळत होता, तो तिले दिसत होता. मी तिले कधी उपाशी ठेवलं नाही, हे मी तुमाले लिहिलं ते शब्दाशब्दानं खरं आहे. ती आपणहून कमी खात गेली आणि मी पाहत राहिली. आधी भात अर्धा झाला, मग डाळ नको झाली, मग रात्रीचं जेवण सुटलं. प्रत्येक वेळी मले कळत होतं. प्रत्येक वेळी मले बरं वाटत होतं. म्हातारी माणसं कमीच खातात, असं मी माह्याच मनाले सांगत होती, आणि तुमालेही तेच लिहिलं.

आणि तांदूळ कोणाचा? तिच्याच बांधीचा. पोत्यानं धान घेऊन ती आमच्या घरी आली. ती आमचं खात नव्हती, आम्ही तिचं खात होतो. स्टँडवर मी तुमच्या हातून गाठोडं ओढलं, तेव्हा माह्या डोळ्यापुढं ती बांधी होती. पोरगा असताना पोरीच्या घरी कायले, हे मी लोकायले ऐकवाले बोलली.

या. मले काय बोलाचं ते येऊन बोला.

चंद्रकला

चिखला
ता. ३० जून १९८२

वच्छलाबाई,

तुम्ही भंडाऱ्याले आल्या, मायच्या उशाशी बसल्या, बाटलीतलं रक्त उतरेपर्यंत तिचा हात धरून राहिल्या. मले एक शब्द बोलल्या नाही. मी डबा आणला तर तो घेऊन खाली ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या, त्याची तयारी करून बसली होती. तुम्ही मायले पवनीले घेऊन गेल्या तेव्हाही मी गाडीजवळ उभी होती. मायनं मंदाच्या तोंडावरून हात फिरवला. माह्याकडं तिनं पाहिलं की नाही, मले सांगता येत नाही, मी खाली पाहत होती.

तिथं ती उठून बसते, भिंतीले धरून चालाले पाहते, हे इश्वरभाऊकडून समजलं. त्यायच्याच संगं मायचा सारा तांदूळ पाठवला आहे. घरात आता विकतचा आणतो.

जागा गेली. गाठीचं होतं ते दवाखान्याले लागलं. मले वाटलं होतं जीव तुटेल, पण तसं काही झालं नाही. मी तुमच्या भावाले म्हटलं, "पुन्हा जमवू हळूहळू." पाळीवरून आले होते, पायातले बूट काढत होते.

"जमव. मी नाही म्हणत नाही," म्हणाले. "पण त्या घरात मी मायले कोणत्या तोंडानं बसवू?"

भांडण झालं असतं तर बरं होतं. त्यायनं हे इतकं हळू म्हटलं की मी चुलीपुढून उठलीच नाही.

तुमाले एक सांगते, हसू नका. आता मी भरून वाढाचं ठरवते आणि दुसऱ्या वेळी पळी भांड्यात घातली की हात आपोआप थांबते. मी त्याले ढकलते तेव्हा तो पुढं जाते. साबण पूर्ण विरघळला तरी मोजा फेकवत नाही. हे मले कोणी शिकवलं असं म्हणता येत नाही, माय तर असं कधीच करत नव्हती. तिनं पेज पिणं शिकवलं, माणसाच्या ताटातलं उचलणं नाही शिकवलं.

मंदाले रोज दोनदा वाढते. ती "पुरे" म्हणते. तिचं पुरे खरं की खोटं, हे मले ओळखू येत नाही. आपल्याच पोटच्या पोरीचं. मग मी तिच्या तोंडाकडं पाहत बसते आणि ती माह्या तोंडाकडं.

पोळ्याले मी पवनीले येऊ का? तुमच्या घरी जेवणार नाही. मायले पाहून संध्याकाळच्या गाडीनं निघेन. नाही म्हणाचं असेल तर उत्तर देऊ नका, मी समजून घेईन.

चंद्रकला

चिखला
ता. २० ऑगस्ट १९८२

वच्छलाबाई,

काल सुखरूप पोहोचली. भंडाऱ्याले गाडी बदलताना पावसानं गाठलं, पण तुम्ही दिलेली छत्री होती.

तुम्ही उत्तर दिलं, या म्हणून. एकच शब्द, पण दिलं. मी आली तर तुम्ही पाय धुवाले पाणी ठेवलं आणि "बस," म्हणाल्या. जेवणार नाही म्हणून लिहिलं होतं, तरी ताट वाढलं. मी जेवली. तुम्ही माह्यासमोर उभ्या राहून तिसऱ्यांदा भात टाकला, तेव्हा मी रडून राहिली होती, तुमाले दिसलं असेल. तुम्ही काही म्हटलं नाही, त्याचे उपकार मानते.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुम्ही पुरणाचं पाहाले चुलीकडं गेल्या, तेव्हा माय आणि मी दोघीच होतो. तेव्हाचं तुमाले सांगाचं आहे.

मायच्या अंगावर जरा मांस चढलं आहे. हाताच्या शिरा तेवढ्या दिसत नाहीत. खाटेवर टेकून बसली होती. आधी मंदाचं विचारलं, मग पोराचा, भोजराजचा खोकला कसा आहे म्हणून विचारलं. मग म्हणाली, "जागा घेतली का वो?"

मी म्हटलं, "नाही."

"घेतली असती तर बरं होतं. तुळशीचं मी ठरवलं होतं."

मी खाटेजवळ खाली बसून तिचे पाय दाबत होती. मोडलेला पाय दुसऱ्याहून वाळका झाला आहे. तो हातात आला आणि माह्यानं राहवलं नाही.

"माय, तुम्ही भूक नाही म्हणत होत्या. मले माहीत होतं. तुमाले भूक होती, मले सारं माहीत होतं."

मी वाट पाहत होती की ती म्हणेल, जाऊ दे वो पोरी. किंवा म्हणेल, तुह्या तोंडाले आग लागो. बाहेर पोरं लाकडाचे बैल घेऊन ओरडत जात होती, ती गल्ली पार करून गेली.

मग म्हणाली, "मलेही माहीत होतं, की तुले माहीत आहे." आणि थांबून म्हणाली, "एकदा तरी म्हणाचं होतं, जेव म्हणून. मी बसली असती."

वच्छलाबाई, मले तेव्हा आठवलं. ती रोज उठताना थोडी थांबत होती. ताटावर हात धरून, पाणी पिऊन, उगीच पदर सारखा करत. मले वाटे तिचे गुडघे धरले. ती माह्या एका शब्दाची वाट पाहून राहिली होती. तो शब्द फुकट होता, आणि मी तोही वाचवला.

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं माह्या केसावर हात ठेवला, तसाच राहू दिला, फिरवला नाही.

"म्हण आता," म्हणाली.

कसंबसं म्हटलं, "जेवा ना वो माय."

तर म्हणे, "पोट भरलं आता."

आणि तिच्या गळ्यातून काहीतरी आवाज आला. मी डोकं वर केलं तोवर तिनं तोंड भिंतीकडं केलं होतं. मले तेव्हापासून तोच आवाज ऐकू येऊन राहिला आहे. गाडीत येताना साऱ्या वाटेनं मी त्याचाच विचार केला. कधी वाटते ती हसली. आधी भूक नाही म्हणताना हसून मले मोकळी करत होती, तशीच हसली. कधी वाटते ते हसू नव्हतंच.

तुम्ही चुलीपाशी होत्या, मधात कुडाचीच भिंत आहे. तुमाले ऐकू गेलं असेल. तुम्ही तिच्या पोटच्या, तुमाले तिचा आवाज ओळखता येते. ती हसली का वो, वच्छलाबाई? जे असेल ते लिहा. मले बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

चंद्रकला